नागोशेठचा आग्रह आणि ठकीचे पोट

एका गावात एक अतिशय प्रेमळ आणि तितकाच छळवादी माणूस राहत असे. त्याचे नाव नागोशेठ. तो गुळाचा व्यापारी होता. घरी जेवायला आलेला पाहुणा ‘पुरे’ म्हणाला की नागोशेठला चेव येई. पाहुण्याने पानावर दोन्ही हात आडवे धरले तरी हा बोटांच्या फटीतून तूप ओतायचा. वर म्हणायचा, “अहो, एवढ्यानं काय होतंय!” पाहुण्याचे डोळे पांढरे होत, पण बिचारा गिळत राही.

या नागोशेठच्या दुकानात एक पाल होती. लोक पोपट पाळतात, मांजर पाळतात. याने पाल पाळली होती. गुळावर येणाऱ्या माश्या आणि किडे ती मटकावी, म्हणून आधी त्याने तिला हाकलले नाही. मग सवय झाली आणि पुढे लळाच लागला. त्याने तिचे नाव ठकी ठेवले. आपण बोलत असताना ठकी चुकचुकली की तो फळीवर बोटाने टकटक करी आणि गिऱ्हाइकाला म्हणे, “बघा, खरं तेच बोललो!”

आता नागोशेठचे प्रेम ज्याच्यावर बसले त्याची धडगत नसे. भिंतीवरचे किडे ठकीला पुरत होते, पण शेठला ते पटेना. त्याने तिच्या कोनाड्यात नदीची मऊ वाळू पसरून गादी केली आणि त्या वाळूवर रोज मूठभर वाळवी टाकू लागला. ठकी जिभेने वाळवी टिपे आणि वाळवीबरोबर वाळूही टिपे. शेठ कौतुकाने बघत राही आणि आणखी टाकी.

व्हायचे तेच झाले. ठकी कोनाड्यातून हलेनाशी झाली. तिचे शेपूट वाळले, डोळे खोल गेले आणि पोट मात्र टम्म फुगले. कोनाड्याखाली रोज पडणारी तिची घाणही दिसेनाशी झाली.

नागोशेठचा जीव कासावीस झाला. त्याने त्याला येत होते तेवढेच केले, म्हणजे खाऊ आणला. डास, पतंग, कोळी, जे सापडेल ते. सारे गाव शेठच्या पंगतीत शिकलेले, जो येई तो काडीपेटीत एक किडा घेऊन येई आणि म्हणे, “ठके, माझ्याकडचा एक तरी घे!” ठकी तोंड फिरवी. शेवटी शेठने तिचा जबडा चिमटीत धरला आणि आत पतंग कोंबायला घेतला.

तेवढ्यात त्याची बायको सगुणाबाई आतून आली. तिने आधी नवऱ्याचा हात धरला, मग ठकीला तळहातावर उताणी घेऊन पाहिले. पातळ कातडीखाली डाळीएवढा काळसर गोळा दिसत होता. बोटाला तो टणक लागला.

“अहो, ही उपाशी नाही. हिच्या पोटात वाळू अडकून बसलीय.”

“मग हिला काहीतरी द्यायला हवं ना गं?”

“तुमच्या पंगतीतून उठलेल्या पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी मी काय देते, ठाऊक आहे?”

“काय देतेस?”

“गरम पाणी आणि लंघन. म्हणून तर ते चालत घरी जातात.”

नागोशेठचा चेहरा पडला. आपण मायेने टाकत गेलो आणि तेच हिच्या पोटात अडकले, हे कळताच त्याला रडू फुटले.

सगुणाबाईने कोनाड्यातली सगळी वाळू झाडून टाकली. मातीच्या परळात कोमट पाणी घेतले, ठकीचे पोट बुडेल इतकेच. तिला त्यात बसवून ती बोटाने छातीकडून शेपटीकडे हलकेच चोळी, तान्ह्या बाळाचे पोट चोळावे तसे. मग पुसून तिला चुलीजवळच्या उबदार विटेवर ठेवी. खायला काही नाही. रोज हेच चालले. नागोशेठच्या वाट्याला सर्वांत अवघड काम आले: ठकीजवळ बसायचे आणि तिला काही घालायचे नाही.

एका दुपारी सगुणाबाई पाणी आणायला गेली होती. ठकीने विटेवर मान उचलली आणि जीभ बाहेर काढली. ठकी इतकी वाळली होती की बघवत नव्हते. शेजारच्या केरूनाना शिंप्याने लगेच काडीपेटी पुढे केली.

“शेठ, भूक लागलीय तिला! घाला एक. एवढ्यानं काय होतंय!”

नागोशेठचा हात पेटीपर्यंत गेलासुद्धा. पण ते शब्द कानात शिरले आणि तो थबकला. हे तर त्याचेच वाक्य होते! दुसऱ्याच्या तोंडून ते त्याने आज पहिल्यांदाच ऐकले. त्याने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर घट्ट बसून राहिला.

“नाही, नाना. एवढ्यानंच होतंय.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होते, पण हात काही त्याने बाहेर काढले नाहीत.

आणि एका सकाळी परळातल्या कोमट पाण्यात ठकीने अंग आखडले, शेपटी उचलली आणि वाळूचा काळा गोळा टपकन पाण्यात पडला. मागोमाग उरलेलेही आले.

“झाली! ठकीला झाली!”

नागोशेठ परळ घेऊन तसाच रस्त्यावर धावला. एवढीशी घाण एवढ्या अभिमानाने कुणी मिरवली नसेल. लोक आधी नाक धरून मागे सरले, मग वाकून वाळूचे कण पाहू लागले आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. केरूनानाने तर टोपी हवेत उडवली. सगुणाबाई दारात उभी राहून हसून हसून बेजार झाली.

काही दिवसांनी ठकी आपल्या पायांनी भिंतीवर चढली. दिव्यापाशी एक पतंग बसला होता. खाली नागोशेठ हात मागे बांधून, श्वास रोखून उभा होता. ठकी सरकली, थांबली आणि झेप घेऊन तिने पतंग स्वतःच गट्ट केला.

“शाब्बास, पोरी!” नागोशेठ असा ओरडला की रस्त्यावरची गाढवे उधळली.

तात्पर्य: ज्याच्यावर माया करायची त्याला काय हवे ते आधी पाहावे. देणारा हात वेळेवर आवरणे हीसुद्धा मायाच आहे.