पुतळ्यांच्या माळेतली राणी

“ओळखा बघू आप्पा, कोण ही?”

उद्धवनं सोन्याचं नाणं आप्पांच्या तळहातावर ठेवलं. जुनी नाणी वाचायला त्याला आप्पांनीच शिकवलेलं. मी त्यांच्या ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. शेजार म्हटल्यावर कानावर पडतंच.

आप्पांनी भिंगाला हात लावला नाही.

“तूच सांग.”

“फाउस्टिना. रोमच्या बादशहाची बायको. ती गेल्यावर त्यानं तिच्या तोंडवळ्याची नाणी पाडली. अक्षर न् अक्षर वाचलं मी.”

“आधी का वाचता येत नव्हतं?”

“हळद बसली होती ना. आईच्या पुतळ्यांच्या माळेत होतं हे, मधोमध. लक्ष्मी समजून दर शुक्रवारी हळदकुंकू लावायची. चाळीस वर्षं. मी भिजवून, ब्रशनं घासून सगळं काढलं. सोनाराकडून कडीही कापून घेतली.”

“आई काय म्हणाली?”

उद्धव रस्त्याकडं बघायला लागला...

मला ठाऊक होतं. दर शुक्रवारी दिवा लावून झाला की शेवंताकाकू दारात यायच्या. ‘उद्धवा, माझी लक्ष्मी आणलीस का रे?’ आणि हा म्हणायचा, ‘लक्ष्मी कसली आई, परदेशातली बाई आहे ती. तिचं नाव वाचता आलं की देतो.’

मागच्या महिन्यात काकू गेल्या. गळ्यात माळ होती. मधली जागा मोकळी.

“चुकलं माझं, आप्पा.” आवाज पार खाली गेला होता त्याचा. “माळेत पुन्हा ओवतो. फोटोला घालतो. होतं तसं करून.”

आप्पा भिंतीला धरून उठले. ऐंशी ओलांडलीय त्यांनी. आतून हळदीची वाटी घेऊन आले, नाणं तळहातावर त्याच्यापुढं धरलं.

“कर.”

उद्धवनं चिमूटभर हळद राणीच्या गालावर लावली. नाणं जरा कललं, सगळी घरंगळली. पुन्हा लावली, दाबून. त्याची बोटं पिवळी झाली. राणी चकचकीत ती चकचकीतच.

“राहत नाही हो, आप्पा...”

मी शेंगा सोलायची थांबले.

आप्पांनी नाणं त्याच्या हातात दिलं. स्वतःच्या हातानं त्याची मूठ मिटवली.

“दर शुक्रवारी लावत जा,” ते म्हणाले. “चाळीस वर्षांनी आणून दाखव मला.”