कुणाचा गुडघा?

फार फार वर्षांपूर्वी, शाळा झाडाखाली भरत तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीतल्या एका गावात त्र्यंबकगुरुजी मुलांना शिकवत. त्यांना मूलबाळ नव्हते. शाळेतली मुले हीच त्यांची लेकरे. कुणाला ताप आला की गुरुजी काढा घेऊन घरी जात. कुणाच्या पायात काटा मोडला की स्वतः काढत.

पण त्यांचा एक नियम होता. धाकट्यांनी ऐकायचे आणि पाठ करायचे. 'का' आणि 'कसे' विचारायचे ते मोठे झाल्यावर. कोवळ्या मनावर विचारांचा भार टाकू नये, असे त्यांना मनापासून वाटे.

सगुणा नावाची एक चिमुरडी शाळेत नवीन आली. पहिल्याच दिवशी तिने विचारले, की मासे रडले तर कुणाला कळते. गुरुजी हसले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, की मोठी झालीस की विचार हं. दुसऱ्या दिवशी तिने आणखी काही विचारले. तेच उत्तर मिळाले. हळूहळू तिचे विचारणे थांबले. पोर शाळेत रुळली, असे गुरुजींना वाटले.

एके दिवशी गुरुजी मुलांना पलीकडच्या देवराईत घेऊन निघाले. वाटेत ओढा लागला. गुरुजी धोतर वर खोचून, काठी टेकत पलीकडे गेले. मागे वळून त्यांनी सांगितले, की पाणी गुडघाभरच आहे, या.

मुलांना धडा पाठच होता. "गुडघाभर पाण्याला भ्यायचे नाही," असे एका सुरात म्हणत थोरली मुले पार झाली. मग धाकटी पुढे सरसावली. सगळ्यांत आधी उतरला भिवा. तो उंचीने सगुणाएवढाच.

सगुणा मात्र काठावरच थांबली. तिने गुरुजींच्या ओल्या पायांकडे पाहिले, मग स्वतःच्या पायांकडे. गुरुजींनी हाक मारली तरी ती हलली नाही. तिचा चेहरा रडवेला झाला.

"गुरुजी," ती म्हणाली, "कुणाचा गुडघा?"

गुरुजींनी खाली आपल्या ओल्या गुडघ्यांकडे पाहिले. मग त्यांची नजर भिवाकडे गेली. पाणी त्याच्या छातीला लागले होते, पाय डळमळत होते, आणि तोंडाने तो अजून धडा म्हणत होता.

काठी टाकून गुरुजी धावले. भिवाचा पाय निसटला, तेवढ्यात त्यांनी त्याचा दंड पकडला. त्याला उराशी धरून ते कितीतरी वेळ तसेच पाण्यात उभे राहिले.

धाकट्यांना त्यांनी एकेक करून कडेवर पलीकडे नेले. सगुणा शेवटी उरली. ओढ्याच्या मध्यावर त्यांनी तिला हळूच विचारले, "बाळ, एरवी तू गप्प असतेस. आज कशी बोललीस?"

"तुम्ही रागवाल असं वाटलं होतं," त्यांच्या मानेला घट्ट बिलगत सगुणा म्हणाली, "पण पाण्याची भीती जास्त वाटली."

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आले. ही पोर गप्प झाली होती, पण तिचा विचार कधीच थांबला नव्हता. थांबले होते ते आपले ऐकणे, हे त्यांना उमगले.

त्या दिवसापासून धडा संपला की सगळ्यांत धाकटे मूल आधी प्रश्न विचारी. काही प्रश्नांनी हसू येई. काहींचे उत्तर गुरुजींनाही येत नसे. मग ते म्हणत, की मलाही ठाऊक नाही, चला, मिळून पाहू. आता पाठांतर कमी होते अशी काही आईबापांनी कुरकुर केली. गुरुजींनी ती शांतपणे ऐकून घेतली, पण नियम पुन्हा बदलला नाही. त्या शाळेतली मुले मोठी झाली, तेव्हा गावात काही ठरवायचे असले की लोक आधी त्यांना बोलावत, कारण ती ऐकलेले तपासून मगच पाऊल टाकत.

तात्पर्य : मूल प्रश्न विचारू लागले, की ते विचार करायला शिकण्याएवढे मोठे झालेले असते.