डाव्या टाचेमागची जागा

एकदा एक मेंढपाळ होता आणि त्याच्या डाव्या टाचेमागे मान खाली घालून चालणारा एक कुत्रा होता. मेंढपाळाचं नाव म्हस्कू, कुत्र्याचं नाव करड्या. कुत्र्याच्या त्या चालीचा म्हस्कूला मोठा अभिमान होता. त्या अभिमानाचं पुढे काय झालं, त्याची ही गोष्ट. सुखाची नाही. सुखाची हवी असेल त्यानं दुसरीकडे बघावं.

म्हस्कू जन्मानं धनगर, पण मेंढरांत वाढलेला नव्हता. बापानं त्याला लहानपणीच तालुक्याच्या गावी एका निवृत्त साहेबांच्या बंगल्यावर कामाला ठेवलं होतं. काम एकच. साहेबांची कुत्री सकाळ-संध्याकाळ फिरवून आणायची. साखळी आखूड धरायची, कुत्रं डाव्या टाचेमागे ठेवायचं, त्यानं नाक पुढं काढलं की छडी. साहेब म्हणायचे, "कुत्रं मालकाच्या पुढं गेलं, की ते मालक झालं असं समज." म्हस्कूला उभ्या जन्मात कुणी ज्ञानाचं असं एवढंच सांगितलं होतं, म्हणून त्यानं ते जिवापाड जपलं. ज्याच्या गाठीला एकच वाक्य असतं, तो ते सगळीकडे वापरत सुटतो.

पुढे बाप वारला. त्याचा लहानसा कळप म्हस्कूच्या वाट्याला आला. बंगला सोडून, बायको हौसा हिला बरोबर घेऊन तो मेंढरांमागे निघाला. कळप टिकला तर तो स्वतःचा धनी. नाही टिकला तर पुन्हा बंगल्यावर, पुन्हा दुसऱ्याची कुत्री फिरवायला. रोज सकाळी डोळा उघडला की त्याला आधी हेच आठवे.

त्यानं एका जुन्या जाणत्या धनगराची सोबत धरली. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा मितभाषी. मी तुला शिकवतो, असं ते कधी म्हणाले नाहीत. "संगं चाल आन बघ," एवढंच म्हणाले. म्हस्कूच्या कळपात वाट धरणारं जनावर उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी आपला जुना एडका त्याच्या मेंढरांच्या पुढं चालायला दिला. त्या एडक्याला त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

आबांची एक म्हातारी कुत्री होती. तिच्या चालण्याला काही ठिकाण नव्हतं. आता पुढं, मग मागं, मग पार टेकाडापलीकडे. म्हस्कूला ते बघवत नसे.

"आबा, तुमच्या कुत्रीला कुणी वळण लावलं न्हाई व्हय?"

"लावलं की. तिनं मला."

हौसा पदराआड हसली. म्हस्कूनं मागं वळून बघितलं, तशी ती गप्प झाली आणि बिऱ्हाड लादलेल्या घोड्याचा कासरा धरून चालू लागली. तिची जागाही मागेच होती. तिथून बोललेलं म्हस्कूला आवडत नसे. हौसा मेंढरांतच जन्मलेली, पण नवऱ्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

आठवड्याच्या बाजारात मात्र म्हस्कूचा रुबाब. शेकडो पायांतून करड्या त्याच्या टाचेला चिकटून जायचा. मटणाच्या दुकानासमोरही मान वर नाही. लोक थांबून बघत, म्हणत, "काय शिस्त हाय राव." म्हस्कूची छाती फुगायची. एकदा त्यानं आबांना चारचौघांत विचारलं, "खरं सांगा आबा, कुत्र्यानं धन्याच्या कुठं चालावं?"

"कुत्र्याला इचार," आबा म्हणाले आणि तंबाखू मळू लागले. म्हातारा आपली चेष्टा करतोय, असं समजून म्हस्कू मनात चरफडला.

सुगी संपली. पुढच्या गावच्या एका शेतकऱ्यानं रानात मेंढरं बसवायला बोलावलं होतं. मेंढरं रानात बसली की लेंडीखत पडतं, आणि त्याबदल्यात धनगराला धान्य मिळतं. वाटेत ओढ्यावर आबा एका मेंढीच्या खुरातला काटा काढायला थांबले. म्हस्कूला थांबवेना. आपण आधी पोचलो तर चांगली जागा आपली, असा त्याचा हिशेब. आबांनी सांगितलं, "दमानं घे. म्होरं खिंड हाय." तरी म्हस्कू पुढं निघाला.

खिंडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत दिवस बुडाला. तिथं करड्यानं कधी न केलेली गोष्ट केली. टाच सोडून तो पुढं आला, वाटेत आडवा उभा राहिला, पाठीवरचे केस उभे करून खिंडीकडे गुरगुरू लागला.

"मागं," म्हस्कू म्हणाला आणि काठी घातली.

कुत्रा मागं गेला आणि पुन्हा पुढं आला. पुन्हा काठी बसली. त्यानंतरही तो एकदा पुढं आला. या वेळी काठी कमरेत बसली, चांगली वर्मी. करड्या केविलवाणा ओरडला, टाचेमागे गेला आणि मान खाली घातली. मागे घोडाही कान टवकारून थांबला होता. हौसा थांबली होती. म्हस्कूनं वळून बघितलं नाही. मेंढरं खिंडीत घातली.

लांडगे दोन्ही बाजूंच्या दगडांमागून आले. मेंढरं फुटली, एकमेकांच्या अंगावर चढली, ओरडली. म्हस्कू काठी फिरवत राहिला आणि घसा फाटेपर्यंत ओरडत राहिला, "करड्या, जा, धर!" करड्या डाव्या टाचेमागे थरथरत उभा होता आणि त्याच्या तोंडाकडे बघत होता. 'मागं' हा शब्द त्याला येत होता. 'जा' हा शब्द त्याला कुणी कधी शिकवलाच नव्हता.

आबांची म्हातारी कुत्री मागून तीरासारखी आली, तिच्यामागून हाळी देत आबा आले, तेव्हा लांडगे हटले. तोवर काही मेंढ्या नेल्या होत्या, काही फाडून टाकल्या होत्या. त्यांत एक गाभण होती. हौसा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मेंढी गेली तरी ती उठली नाही.

"निमकहराम," म्हस्कू करड्याकडे बघून म्हणाला. काठी उगारली आणि तशीच खाली टाकली.

आबांनी उरलेली मेंढरं गोळा केली. सकाळी मात्र त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. आपला कळप सोबतच्या पुतण्याच्या हवाली केला, काठी घेतली आणि येऊन म्हस्कूच्या डाव्या टाचेमागे, करड्याच्या शेजारी, मान खाली घालून उभे राहिले.

"आबा, ह्ये काय? म्होरं व्हा."

"चल तू. माझी जागा हितंच."

म्हस्कूला वाटलं, म्हाताऱ्याला रात्रीचा धसका बसला. तो चालू लागला. आबा मागं. तो थांबला, आबा थांबले. वाटेत एका वस्तीवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. "म्हातारबाबा, साखळी कुठं हरवली?" एकीनं विचारलं. आबांनी मान वर केली नाही. म्हस्कूनं चाल वाढवली. इतका जाणता माणूस मागं मुकाट चालतोय, याचं त्याला ओझं वाटू लागलं. पण करड्याचं ओझं त्याला कधी वाटलं नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

दुपारी मेंढरं भुकेनं ओरडू लागली. वाटेला एक ज्वारीचं रान लागलं. पीक काढून नेलेलं, राखण नाही, भोवती काटेरी कुंपण आणि आत जायला एकच छिंडी. सुगीनंतर अवेळी पाऊस शिंपडून गेला होता, त्यामुळे कापलेल्या खोडांना हिरवेगार, कोवळे फुटवे फुटले होते. म्हस्कूला कालपासून पहिल्यांदा बरं वाटलं. त्यानं एडक्याला छिंडीतून आत घातलं.

हौसानं ते फुटवे बघितले आणि कासरा तिच्या हातात घट्ट झाला. तिनं आबांकडे बघितलं. आबांनी तिच्याकडे बघितलं आणि क्षणभर वाट पाहिली. हौसाचे ओठ हलले. मग तिनं मान खाली घातली.

एडका आत गेला, तशी आबांनी आपली काठी छिंडीत आडवी धरली. बाकीची मेंढरं बाहेरच तुंबली.

"आबा, काठी काढा. उपाशी हायती ती."

"त्यो काय खातोय त्ये बघ."

एडका हावऱ्यासारखा खात होता. मग खायचा थांबला. पाय फाकून उभा राहिला, अंगाला कापरं भरलं, तोंडाला फेस आला. दोन पावलं आबांच्या दिशेनं आला आणि आडवा झाला. पाय झाडत राहिला, मग तेही थांबलं. वाऱ्यानं फुटवे हलत होते. दिसायला फार सुरेख दिसत होते.

म्हस्कू आबांकडे वळला. "तुमाला ठावं हुतं?"

"हुतं. कापलेल्या ज्वारीचा कवळा फुटवा जनावराला मारतो. धनगराच्या पोराला चालाय लागल्यावर पयलं त्येच सांगत्यात."

"मग बोलला का न्हाई?"

"मी कुत्र्याच्या जागंवर चालत हुतो. त्या जागंवर बोलत न्हाईत. तुझाच दंडक हाय."

"त्यो एडका तुमचा हुता, आबा. हातानं वाढवलेला."

"म्हणून तर त्यो जाऊ दिला. तुझ्यातलं आनखी काय जाया नगं हुतं." म्हाताऱ्याचा आवाज तेवढ्यापुरता फाटला, मग पुन्हा पहिल्यासारखा झाला. "आन तुझ्या मागं माझ्याबिगर आनखी एकीला ठावं हुतं."

म्हस्कूनं वळून हौसाकडे बघितलं. "तू का न्हाई बोललीस?"

"काल खिंडीच्या तोंडालाबी मला उमगलं हुतं," हौसा म्हणाली. तिचे डोळे जमिनीवर होते. "बोलले असते तर काय केलं असतं तुमी?"

म्हस्कूची नजर आपल्या हातातल्या काठीवर गेली.

आबा बांधावर बसले. "साहेबाचं ठीक हाय," ते म्हणाले. "त्याच्या बंगल्याच्या वाटंवर लांडगं न्हाईत. त्याला कुत्रं दाखवायला लागतं, तुला जगायला लागतं. काल करड्या पुनःपुन्हा म्होरं आला, त्यो मालक व्हायला न्हाई आला. तुझ्या आन मरणाच्या मधी उभा ऱ्हायला आला. त्याला जे कळलं त्ये तुझ्यापतुर आणायची त्याची एकच वाट हुती. तू ती काठीनं बुजवलीस. कुत्र्यानं म्होरं चालावं का मागं, ह्ये मला इचारत बसू नगंस. त्याच्यापाशी सांगन्याजोगं काय असलं, तर त्यानं भ्याया नगं. मग कुटंबी चालू दे त्याला."

म्हस्कूनं काठी बांधाला टेकवली. मग गुडघ्यावर बसून त्यानं करड्याच्या कमरेवरचा वळ बोटांनी चाचपला. उठला आणि पुढची वाट दाखवून म्हणाला, "जा बाबा. हो म्होरं."

करड्यानं त्याच्या तोंडाकडे बघितलं. म्हस्कू दोन पावलं मागं सरला, कुत्रा त्याच्याही मागं सरला. म्हस्कूनं तोंड फिरवलं, कुत्रा वळसा घालून पुन्हा डाव्या टाचेमागे आला आणि त्यानं मान खाली घातली.

"आता कवाच न्हाई जायचा का, आबा?"

आबा एडक्यासाठी खड्डा खणायला लागले होते.

त्यानंतर वाट फुटली, की म्हस्कू थांबू लागला. "कुठनं जाऊ?" तो हौसाला विचारी. "तुमास्नी ठावं," ती म्हणे. मेंढरं खोळंबत, आणि तो पुन्हा विचारी. बरेच दिवस त्याला हेच उत्तर मिळालं. मग पुढच्या उन्हाळ्यात एका नदीकाठी, त्यानं विचारायच्या आधीच, मागून हळू आवाज आला, "खालनं नगं." कशापायी, असं त्यानं विचारलं नाही. मेंढरं वरच्या अंगानं वळवली. कळप टिकला. मोठा मात्र कधी झाला नाही.

करड्या मरेपर्यंत त्याच जागेवर चालला. म्हस्कूनं गोंजारून, भाकरी दाखवून, हर तऱ्हेनं बघितलं. एकदाही तो टाचेच्या पुढं आला नाही. बाजारात लोक अजून थांबत, अजून म्हणत, "काय शिस्त हाय राव."

म्हस्कू मान हलवायचा. "शिस्त न्हवं त्ये," तो म्हणायचा. "माझी चूक हाय. मागनं चालतीया."