एकशे त्रेचाळीस हुकूम

छापखान्यांच्या एका गल्लीत एकदा एक म्हातारे जुळारी राहत होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. तरुणपणी शिशाचे खिळे जुळवले, पुढे संगणक आला तर तोही शिकले. गणिताच्या पुस्तकांसाठी एक सॉफ्टवेअर असतं, बरं का. त्याला आपण फक्त सांगायचं की हे प्रकरणाचं नाव, हे समीकरण, ही आकृती. पान कुठे संपवायचं, आकृती कुठे बसवायची, ते त्याचं ते ठरवतं. आपला हट्टच असेल, तर हुकूम सोडून मनासारखंही करून घेता येतं.

हाताखालच्या माणसांच्या अण्णा तीन पायऱ्या मानत. नवखा, जाणता आणि मुरलेला. श्रीरंग चार वर्षं जाणत्याच्या पायरीवर होता आणि आता त्याला ते सोसवत नव्हतं. खगोलगणिताचा नऊशे पानांचा ग्रंथ जुळणीला आला होता. तो मुरलेल्याच्याच हाती जाणार होता.

अण्णांनी परीक्षा म्हणून त्रिकोणमितीचं ऐंशी पानांचं पुस्तक दिलं. श्रीरंगाला दिलं, तसंच आठच दिवसांपूर्वी कामाला लागलेल्या मालूताईंनाही दिलं.

श्रीरंगानं जीव ओतला. इथे पान तोड, ही आकृती दोन ओळी वर घे, इथे थोडी जागा सोड, असे एकशे त्रेचाळीस हुकूम त्यानं सोडले. पानं अशी देखणी झाली की बघत राहावं. मालूताईंची एक आकृती मात्र पुढच्या पानावर गेली होती.

"ताई, तुमचा त्रिकोण रुसून माहेरी गेला की हो!" श्रीरंग म्हणाला.

"जाऊ दे की, भाऊ. त्याला परत कसा आणायचा ते मला कुठं येतंय?" ताई हसून म्हणाल्या.

अण्णांनी दोन्ही पुस्तकं पाहिली. श्रीरंगाचं जरा जास्त वेळ पाहिलं. मग संगणकापुढे बसले आणि दोन्ही पुस्तकांच्या अगदी वरच्या ओळीत अक्षराचं माप अकरा होतं, ते बारा केलं. एवढंच. आणि चहा प्यायला उठून गेले.

श्रीरंगानं पडद्याकडे पाहिलं. ऐंशी पानांची एकशे छप्पन्न झाली होती. एक पान भरलेलं, की उरलेल्या नुसत्या चार ओळी पुढच्या पानावर, तिथे त्याचाच 'पान तोड' हा हुकूम, खाली सगळं कोरं. पुन्हा भरलेलं, पुन्हा कोरं. मालूताईंचं पुस्तक नव्वद पानांत शहाण्यासारखं बसलं होतं.

"अण्णा, मुद्दाम मोडलंत माझं काम!" अण्णा आणि मालूताई चहा घेत होते तिथे जाऊन तो म्हणाला.

"मोडलं तर खरं," अण्णा बशीत चहा ओतत म्हणाले. "आता सांग, मी किती हुकूम दिले?"

"एक."

"आणि तू?"

"एकशे त्रेचाळीस," श्रीरंग पुटपुटला.

"हे बघ बाबा, नवख्याला हुकूम माहीतच नसतात. जाणत्याला सगळे माहीत असतात, म्हणून तो सगळे सोडतो. तू एकेक पान मुठीत धरून ठेवलंस. पण लेखक म्हणजे जिवंत माणूस. तो उद्या एक ओळ वाढवणार, परवा दोन खोडणार. मुठीत धरलेलं पुस्तक तेवढंही सोसत नाही. मुरलेल्याचेही दोन-चार हुकूम असतात, पण ते छपाईला जाण्याच्या दिवशी. तोवर हात मांडीवर."

"म्हणजे मालूताई मुरल्या?"

"छे! तिला मोडायचं कसं तेच अजून ठाऊक नाही, म्हणून वाचली."

मालूताई चहा सांडेपर्यंत हसल्या. श्रीरंगालाही हसू आवरलं नाही. मग तो खुर्चीवर बसला आणि एकेक करून सगळे हुकूम काढू लागला. शेवटचे काढताना जीव तुटत होता त्याचा, पण काढले.

आठवड्यानं त्रिकोणमितीच्या लेखकांचा फोन आला. आवाज ओशाळा होता. "अहो, सातव्या पानावर दोन परिच्छेद घालायचे राहिलेत. फार त्रास होईल का?"

"घाला की, सर," श्रीरंग म्हणाला. "आणखी काही सुचलं असेल तर तेही सांगा. पुस्तक काही मोडत नाही."

अण्णांनी मान वर केली नाही. फक्त खगोलगणिताचं बाड उचललं आणि श्रीरंगाच्या टेबलावर ठेवलं.

आपणही घरादारात काय काय मुठीत धरून बसलो आहोत, ते सवडीनं एकदा बघावं.