दीनाच्या पाठीवरचे मोहोळ

बोरदरा हे नदीकाठचे लहानसे गाव. ख्रिस्ती घरे जेमतेम चाळीस, पण उपासनामंदिर मात्र दगडी आणि चांगले ऐसपैस. मंडळीला स्वतःचा पाळक नव्हता. दर रविवारी शाळेचे मास्तर वचन वाचत, आणि वर्षातून एकदा, पुनरुत्थानाच्या सणाला, शांतवनबाबा मुक्कामाला येत. अंगात जाडाभरडा सदरा, खांद्यावर घोंगडी, हातात एकतारी. बाबा गावात पाऊल टाकताच आधी विचारत, "यंदा नवं कोण कोण जन्माला आलं?" मग घरोघरी जाऊन एकेका तान्ह्याच्या टाळूवर हात ठेवत. मोठ्या माणसांची पाळी नंतर!

त्या वर्षी बाबा वाघचौरे पंचांच्या घरी उतरले होते. एलियाराव वाघचौरे हे मंडळीचे पंच, वजनदार माणूस. स्तोत्रे तोंडपाठ. वाचणाऱ्याचा एक शब्द इकडचा तिकडे झाला की पहिल्या बाकावरून ते असे खाकरत, की मास्तरांची जीभ टाळ्याला चिकटे.

त्याच मंडळीत दीना होती. नवरा वीटभट्टीवर कामाला, पदरी दोन लेकरे. सात वर्षांपूर्वी तिचा थोरला तान्हा असताना भर उपासनेत रडू लागला. पंचांनी मान वळवून असे काही पाहिले, की दीना उठली ती थेट बाहेर चिंचेखाली जाऊन बसली. पुढच्या रविवारी शेजारची मार्था म्हणाली, "अगं, बसतेच आहेस तर माझीही घे जरा." मग तिसरीने आपले आणून दिले, मग चौथीने. होता होता मंडळीतली सगळी बारकी लेकरे दर रविवारी चिंचेखाली जमू लागली. आत आया निवांत डोळे मिटून प्रार्थना करत. बाहेर दीना कुणाचे नाक पुसे, कुणाच्या पायातला काटा काढी, कुणाला मांडीवर घेऊन थोपटी. आतून गाण्याचा सूर तिच्यापर्यंत येई. शब्द कानात शिरेपर्यंत कुणीतरी कुणाला चावलेले असे.

आता त्या मंडळीचा एक नेम होता. प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावाने मोडलेली भाकर, सणालाच, बाबांच्या हातून. आणि ज्याला मेजाजवळ यायचे, त्याने आदल्या संध्याकाळी पंचांपुढे उभे राहून विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेली कबुली, न अडखळता म्हणून दाखवायचा. अडखळला, की पुढच्या वर्षी. दीना सहा वर्षे अडखळत आली होती. सहा सण तिने बाहेरूनच इतरांना भाकर घेताना पाहिले होते.

यंदा तिने चूल फुंकताना, धुणे आपटताना पाठांतर केले होते. संध्याकाळी पदर सारखा करून ती उभी राहिली. आरंभ झकास झाला. पण कडेवरची धाकटी लेक सलोमी पेंगता पेंगता घसरू लागली, दीनाने तिला सावरले, आणि कबुलीतल्या पंतय पिलाताच्या नावापाशी सगळे पुसून गेले.

"सात वर्षं झाली," पंच म्हणाले, "आणि बाई अजून पिलातापाशीच!"

मंडळी हसली.

"चिंचेखाली चिंचोके खेळून विश्वास येत नसतो, दीनाबाई. देवळात बसावं लागतं."

दीनाच्या डोळ्यांत पाणी आले, पण ती हलली नाही. "पंच, एक सांगायचं होतं. घंटेच्या कमानीत आग्यामोहोळ बसलंय. मी बाहेर असते ना, मला दिसतं. उद्या नवी घंटा जोरानं वाजवू नका."

"घ्या! आत न बसणारी आता घंटेचं शिकवणार!" पंच कडाडले. ती पितळी घंटा त्यांनी स्वतः खटपट करून आणवली होती.

बाबा कोपऱ्यात घोंगडीवर बसून हे सारे ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, "दीना, भाकरीची आस आहे का तुला, मुली?"

"आहे बाबा. लई आहे."

"पंच, हिचा निकाल उद्यावर राहू द्या."

"बाबा, नेम तो नेम," पंच पुटपुटले. पण बाबांपुढे अधिक बोलले नाहीत.

सणाची सकाळ उजाडली. माणसे नवे कपडे घालून आत बसली. दीनाने चिंचेखाली वाकळ अंथरली आणि अकरा लेकरे गोळा केली. त्यांत पंचांचा तीन वर्षांचा नातू नाथानही होता. आणि वाघचौरे पंचांनी दोर हाती घेतला! नदीपलीकडच्या गावाला ऐकू गेले पाहिजे, म्हणून ते ओढतच राहिले. घंटा घणघणली, कमान हादरली, आणि वरून काळा धूर सुटावा तसे मोहोळ उठले.

एकच आरडाओरडा झाला. पंच कान धरून आत धावले आणि त्यांनी दाराला आतून अडसर घातला. खिडक्या लागल्या. मग मार्था किंचाळली, "अहो, लेकरं! लेकरं भायेर हायेत!"

दीनाला पळता आले असते. पण दोन हात आणि अकरा लेकरे. कुणाला उचलणार, कुणाला टाकणार? तिने सगळ्यांना बुंध्याशी दाटीवाटीने बसवले, वाकळ त्यांच्यावर ओढली, आणि चारी कडा दाबून स्वतः वर पालथी पडली. घोंघावणे डोक्यावर आले. मग ते तिच्या पाठीवर उतरले. लुगडे जड झाले. मानेवर, कानामागे, हातांवर हजारो बारीक पाय चालू लागले. पाठ केलेले एक अक्षर तिला आठवेना. वाकळीखाली कुणीतरी मुसमुसत होते. "उगी, उगी," ती म्हणत होती, आणि मधूनमधून ओठांत आणखी काही.

आत पंच दाराशी उभे होते. बाबा उठले. "अडसर काढा."

"बाबा, फोडून काढतील!"

"काढा, पंच. तुमचा नाथान तिथं आहे."

दार उघडले. बाबा घोंगडीही न घेता, फेरफटक्याला निघावे तसे संथ पावलांनी अंगण ओलांडून गेले. साऱ्या मंडळीने दारातून पाहिले, दीनाची पाठ दिसतच नव्हती. मानेपासून कमरेपर्यंत नुसते काळे, हलते मोहोळ! बाबा तिच्याजवळ गुडघे टेकून बसले. त्यांनी त्या माश्यांवर हात ठेवला, जसा तान्ह्याच्या टाळूवर ठेवत, आणि म्हणाले, "झालं हो, बायांनो. घाबरला होतात. आता जा."

आणि काय सांगावे! मोहोळ अलगद उठले, चिंचेला एक फेरी घातली, आणि नदीच्या दिशेने निघून गेले.

दीना उठून बसली. मानेवर डंख नाही, हातावर सूज नाही. वाकळीखालून एकेक लेकरू बाहेर आले, घामाने भिजलेले, धडधाकट. नाथान तर रुसला होता. "दीनाआत्या, तू लई जड आहेस!"

पंचांचा एक कान पुरीसारखा फुगला होता. त्यांनी नातवाला छातीशी धरले.

बाबांनी विचारले, "दीना, ओठांत काय म्हणत होतीस?"

ती लाजली. "काही आठवलंच नाही, बाबा. नुसतं म्हणत होते, प्रभू, लेकरं तुझी आहेत. मला काय व्हायचं ते होऊ दे, ह्यांना सांभाळ."

बाबा वळले. "पंच, ऐकलात हिचा विश्वासांगीकार? कुठं अडखळली?"

पंचांनी मान हलवली. नाही.

त्या दिवशी लेकरांसकट सगळे आत बसले. दंगा झाला, तो होऊ दिला. बाबांनी भाकर मोडली आणि पहिला तुकडा दीनाच्या ओंजळीत ठेवला. सात वर्षांनी! ती तो हातात धरून नुसती बघत राहिली.

शेवटी वाघचौरे पंचांची पाळी आली, पण ते जागचे उठेनात. "मला नको, बाबा," ते म्हणाले. "अडसर मी घातला. बाहेर लेकरं आहेत हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी कुठल्या तोंडानं येऊ?"

दीना उठली. तिने हातातला तुकडा अर्धा मोडला आणि पहिल्या बाकापाशी जाऊन पंचांपुढे धरला. "घ्या, काका. दोघं मिळून खाऊ."

पंचांनी डोक्यावरचा फेटा उतरवून बाजूला ठेवला. ज्या माणसाची मान ताठ सोडून कुणी पाहिली नव्हती, तो खाली वाकला, दीनाच्या धुळीने भरलेल्या पावलांवर त्याने कपाळ टेकले, आणि तसेच वाकून दोन्ही हात वर केले, भाकरीसाठी.