आधी शेंडा

तुमच्या आज्याच्या आज्यानंही जिला पाहिलं नाही, त्या भुराबाईची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वी आपल्या नदीला दगडी बांध घातला आणि त्यातून एक पाट काढला. पाट सगळ्या गावाचा, पण बांधाजवळची माणसं आधी पोटभर पाणी घेत आणि पार शेंड्याच्या, पाट संपतो तिथल्या वावरांत नुसता चिखल पोचे. मग कुऱ्हाडी निघत. एका साली त्यात जीव गेला.

तेव्हा पंचांनी नेम केला: आधी शेंडा भिजेल, मग मधली वावरं, शेवटी बांधाजवळची. नेम करायला काय जातं? ज्याच्या हाती पाट द्यावा, तो गुपचूप आपलंच वावर भिजवी.

मग भुराबाई उठली. तिचं आणि तिचा भाऊ हिलाल याचं वावर तर बांधाला लागूनच. "पाट माझ्या हाती द्या," ती म्हणाली. लोक हसले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, म्हणाले. पण दुसरं कोणी पुढं येईना, म्हणून दिला.

आणि त्याच साली पाऊस रुसला. सगळी वावरं एकदा भिजवायची एक पाळीही पुरती निघेल की नाही, एवढंच पाणी नदीत उरलं. हिलालनं भरदिवसा पाटाला खिंडार पाडलं आणि बहिणीपुढं रडला, "बाई, आपलंच वावर मरी ऱ्हायनं ना!"

"मरू दे. आधी शेंडा पिई, मंग आपुन."

तिचीही वर्षाची भाकर त्याच वावरात उभी होती. तरी तिनं पाटाच्या तोंडाशी पाणी अडवणारी फळी उचलली आणि ती पाटाच्या काठानं चालू लागली. पाणी वासरासारखं तिच्या मागं निघालं, असं म्हणतात. खिंडारापाशी ते थबकलं, हिलालच्या वावराकडं वळू लागलं. भुराबाईनं मागं वळून दटावलं, "तठे नको देखू. पुढे चाल!" आणि पाणी खिंडार ओलांडून सरळ गेलं, एक थेंब सांडला नाही, असं म्हणतात.

शेंडा भिजला, मधली वावरं भिजली. बांधापाशी यायच्या आत नदी आटली. भुराबाईचं पीक उभ्या उभ्या वाळलं. शेंड्याच्या लोकांनी धान्य आणून दिलं, तिनं ते घेतलं. पोट काय नेमानं भरतं? हिलाल वर्षभर तिच्याशी बोलला नाही. पुढच्या साली मात्र त्यानंच आपल्या हातानं ते खिंडार बुजवलं.

भुराबाई गेली त्या दिवशी फळीला कोणी हात लावला नव्हता, तरी पाणी आपणहून शेंड्यापर्यंत गेलं, असं म्हणतात.

आजही पाटाची राखण ज्या घराकडे जाते, त्याचं वावर त्या साली सगळ्यांच्या शेवटी भिजतं, मग ते कुठंही असो. त्याला गावात 'भुराबाईची पाळी' म्हणतात. कोरड्या सालीसुद्धा ही पाळी मागायला घरं पुढं येतात. पंचांना चिठ्ठ्या टाकाव्या लागतात, आणि जिची चिठ्ठी निघत नाही, ती घरधनीण तोंड पाडून घरी जाते.