साळूच्या बिळातले पोटभाडेकरू

डोंगराच्या उतरणीवर, करवंदीच्या जाळ्यांमागे, एक म्हातारी साळू राहत असे. तरुणपणी तिने तिथे एक मोठे बीळ खणले होते. दोन ऐसपैस दालने, पुढे एक तोंड, संकटात निसटायला मागे दुसरे, आणि दोन दालनांच्या मध्ये मातीची जाडजूड भिंत. छताचा सगळा भार त्या भिंतीवर होता. पुढे पिल्ले मोठी झाली, आपापल्या वाटेने गेली. एकटीला एवढी जागा कशाला, असे म्हणून साळू शेजारच्या लहानशा बिळात राहू लागली आणि मोठे बीळ तिने एका कोल्ह्याला भाड्याने दिले.

देताना तिने चार गोष्टी स्पष्ट सांगितल्या, आणि त्याही ओढ्याकाठच्या कासवआजोबांसमोर. दर पौर्णिमेला भाडे म्हणून कंद आणून द्यायचे. मधल्या भिंतीला नख लावायचे नाही. मागचे तोंड बुजू द्यायचे नाही. आणि दुसऱ्या कुणाला आत ठेवायचे झाले तर आधी विचारायचे. कोल्ह्याने चारही वेळा मान डोलावली.

वर्षभर सारे सुरळीत चालले. मग थंडी सरताना पलीकडच्या माळाला वणवा लागला आणि गवतात राहणारे कितीतरी जीव उघड्यावर आले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एके सकाळी साळूला मोठ्या बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसला. शेजारी लेंड्या पडल्या होत्या. त्या कोल्ह्याच्या नव्हत्या, सशाच्या होत्या. साळू विचार करत उभी राहिली, तेवढ्यात टिटवी धावत आली. तिला रानातले सगळे ठाऊक असे. तिने सांगितले की कोल्हा कधीच खालच्या उसाच्या फडात राहायला गेला. पुढच्या दालनात त्याने एका सशिणीला तिच्या तीन पिल्लांसह ठेवले आहे आणि मागच्या दालनात एक घूस ठेवली आहे. दोघींकडून तो रोज ओंजळ ओंजळ बोरे घेतो.

"काटे फुलव आणि आत शिर," टिटवी म्हणाली. "एका दमात सगळे बाहेर पडतील."

मुलांनो, साळूला राग आला नसेल असे समजू नका. त्या बिळातली मूठ मूठ माती तिने आपल्या नखांनी उकरली होती. तिचे काटे उभे राहिले, एकमेकांवर आपटून खडखडू लागले. ती तरातरा बिळाच्या तोंडाशी गेलीही. पण आतून पिल्लांचे बारीक आवाज ऐकू आले आणि ती जागच्या जागी थांबली. मी अशी आत शिरले तर ही पिल्ले घाबरून मागच्या दालनाकडे पळतील, आणि तिथे घुशीने काय करून ठेवले आहे कुणास ठाऊक, असा विचार तिच्या मनात आला. ती बाहेरच बसून राहिली. पाठीवरचा शेवटचा काटा खाली बसला, तेव्हा तिने हाक मारली.

"आत कोण आहे? मी या बिळाची मालकीण. भांडायला नाही, बोलायला आले आहे."

बऱ्याच वेळाने सशीण बाहेर आली. तिचे कान मागे चिकटले होते. साळूने तिला बसायला सांगितले, दम खाऊ दिला आणि मगच विचारले. वणव्यात तिची जागा जळाली होती. कोल्ह्याने तिला सांगितले होते की बीळ त्याचेच आहे, आणि रोज बोरे दिली तर तो तिच्या पिल्लांच्या वाटेला जाणार नाही. साळूचे नावही त्याने काढले नव्हते.

"आता तुम्ही आम्हाला हाकलणार," सशीण म्हणाली.

"आधी मला आत येऊन पाहू दे," साळू म्हणाली.

सशिणीने वाट दिली. साळू दोन्ही दालने फिरली आणि मधल्या भिंतीजवळ येताच खाली वाकून पाहू लागली. दाणे साठवायला घुशीने भिंत बुडापासून पोखरली होती. तीन हात जाडीची भिंत आता वीतभर उरली होती, आणि उकरलेल्या मातीने मागचे तोंड पार बुजले होते. घुशीला विचारले तर ती सरळ म्हणाली की कोल्ह्याने हवे तसे खणायला सांगितले आहे. ते खोटे नव्हते.

साळूने त्याच घटकेला ठरवले. कुणाचे चुकले, कुणाला शिक्षा, हे सारे नंतर. तिने सशिणीला आणि पिल्लांना आपल्या लहान बिळात नेले आणि स्वतः करवंदीच्या जाळीखाली जागा केली. घुशीलाही बाहेर झोपायला सांगितले. घूस कुरकुरली, पण तिला भिंतीची गोष्ट समजावून सांगितल्यावर गेली. मग साळूने टिटवीकडून कोल्ह्याला निरोप धाडला की तीन दिवसांच्या आत ये, कासवआजोबांसमोर बोलायचे आहे.

कोल्हा दुसऱ्याच दिवशी दुपारी आला, तेव्हा करवंदीच्या जाळीपाशी साळूबरोबर कासवआजोबा, सशीण, घूस आणि टिटवी जमलीच होती. येताना पाच-सहा मोठे कंद घेऊन आला होता. साळूने त्यांना हात लावला नाही.

"मावशी, तुमचा गैरसमज झाला," कोल्हा म्हणाला. "ती सारी माझी पाहुणेमंडळी. सशीण म्हणजे माझी मावसबहीणच."

कासवआजोबांनी कोल्ह्याच्या सुळ्यांकडे पाहिले, मग सशिणीकडे पाहिले आणि मान आत घेतली.

"पाहुण्यांकडून कुणी रोज बोरे घेत नाही," साळू शांतपणे म्हणाली.

कोल्ह्याने लगेच बोलणे फिरवले. तो जवळ सरकला आणि हळूच म्हणाला की तसे असेल तर मावशींनी अर्धी बोरे घ्यावीत, त्यांचेही भले होईल.

"आज मी वाटा घेतला," साळू म्हणाली, "तर उद्या तू म्हणशील, मावशीला सगळं ठाऊक होतं आणि चालतही होतं. मला वाटा नको. आपलं बोलणं काय झालं होतं तेवढं सांग."

कोल्हा शेपटीवरची धूळ झटकू लागला. तेव्हा कासवआजोबांनी मान बाहेर काढून चारही गोष्टी एकेक करून म्हणून दाखवल्या आणि विचारले की यातली एखादी मी चुकीची सांगितली का. कोल्ह्याला हो म्हणता येईना. साळूने आपले म्हणणे मांडले. कोल्ह्याने आणि घुशीने मिळून येत्या पौर्णिमेपर्यंत भिंत पुन्हा उभी करावी, मागचे तोंड मोकळे करावे आणि मग बीळ सोडावे. सशिणीचा यात काही दोष नाही; तिच्याशी मी वेगळे बोलेन.

म्हातारी एवढ्या मऊ आवाजात बोलते आहे हे पाहून कोल्ह्याला धीर आला. "आणि नाही सोडलं तर?" त्याने विचारले.

साळू उत्तर देणार तोच जमीन हादरली. वरच्या रानातून गव्यांचा कळप ओढ्यावर पाण्याला निघाला होता. त्यांची रोजची वाट थोडी वरून जायची. त्या दिवशी मात्र ते बरोबर मोठ्या बिळावरून आले. धप्प असा आवाज झाला, धुळीचा लोट उठला आणि मागचे दालन अख्खे खाली बसले. पुढच्या दालनाचेही निम्मे छत आले.

सशीण किंचाळून लहान बिळाकडे धावली. तिची तिन्ही पिल्ले तोंडाशी बसून धुळीकडे टकमक पाहत होती. तिने त्यांना पोटाशी घेतले आणि तिथूनच साळूकडे पाहिले. टिटवी पिल्लांकडे पाहत राहिली. काल आपले ऐकून साळू काटे फुलवून आत शिरली असती, तर ही पिल्ले त्या पोखरलेल्या भिंतीकडेच पळाली असती, हे तिला आता कळले होते. कोल्ह्याने शेपूट पायात घातली. त्याने आपला प्रश्न पुन्हा विचारला नाही.

त्यानंतर कोल्हा आणि घूस रोज सकाळी येत आणि माती उपसत. कुठे किती दाबायची, कुठे मुळी आडवी घालायची, ते साळू दाखवी आणि आपणही चार मुठी उचली. तिने त्या दोघांना एकदाही टोचून बोलून दाखवले नाही. पौर्णिमेच्या आधीच दालने आणि भिंत पुन्हा उभी राहिली, मागचे तोंडही मोकळे झाले. घूस आपले दाणे घेऊन ओढ्यापलीकडे गेली. तिथे खणायला हवी तेवढी मोकळी जमीन होती. साळूने मोठे बीळ सशिणीला दिले, तिच्याच नावाने, कासवआजोबांसमोर, त्याच चार गोष्टी सांगून. भाडे म्हणून तिने जवळपासची कोवळी मुळे मागितली, तीही पिल्ले मोठी झाल्यावर.

कोल्हा निघताना घुटमळला. त्याच्या अंगावर अजून माती होती.

"मावशी, एक विचारू? सशिणीला ठेवू का, असं मी आधी विचारलं असतं, तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

"हो म्हटलं असतं," साळू म्हणाली. "घुशीला मात्र नाही म्हटलं असतं. भिंतीला कोण पेलतं आणि कोण नाही, ते मला ठाऊक होतं, तुला नव्हतं."

कोल्ह्याने मान खाली घातली आणि तो उतरणीने चालू लागला.

तात्पर्य : दुसऱ्याची जागा तिसऱ्याला देण्याआधी मालकाला विचारावे; आणि मालकाने आपला हक्क ठामपणे राखावा, पण तो राखताना निर्दोष जिवाला उघड्यावर आणू नये.